उपाशी पाणी

सोलापुरात राहून घरात समुद्र पाळायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हे मी हरिदासला तोंडावर सांगितलं होतं. मी नवनाथ, महापालिकेत पाणी सोडणारा चावीवाला म्हणून निवृत्त झालो, त्यामुळं तसं बोलायचा मला हक्क होता. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, अजूनही तसंच येतं. ते कुठल्या गल्लीला किती वेळ सोडायचं हे माझ्या हातात होतं, आणि शिव्या माझ्या नावावर होत्या. कुणाच्या दारात नळ नुसता गळताना दिसला तरी माझं डोकं फिरतं. लोकांच्या लग्नात जेवण सोडून उठून मी नळ बंद केलेत.

हरिदास माझा शेजारी, भिंतीला भिंत. एसटीत कंडक्टर होता, पण त्याचा आवाज कधी कुणी ऐकला नाही. सगळी नोकरी बिचाऱ्यानं घंटीच्या दोरीवर काढली असणार. बायको मीनाबाई, आणि एकुलती एक लेक संघप्रिया. लेक पुण्याला नोकरी करायची आणि रविवारी रविवारी घरी यायची.

तिला माशांचा नाद होता. तोही साध्यासुध्या माशांचा नाही, खाऱ्या पाण्यातल्या माशांचा. पुण्याच्या घरमालकानं पेटीला हरकत घेतली, तशी ती हातभर उंचीची काचेची पेटी टेम्पोत घालून तिनं सोलापूरला आणली आणि बाहेरच्या खोलीत मांडली. आत दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, एक लाल मिशाळ झिंगा आणि एक समुद्रफूल. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, जनावरच. दगडाला चिकटून बसतं, वर बोटांएवढ्या मऊ नळ्या हलत असतात आणि ते दोन मासे त्या नळ्यांत अंग घुसवून झोपतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं बोलणं बंद झालं होतं, एवढं मान्य करतो.

पण मोरीत बसवलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बघितलं आणि मी पुन्हा बोलता झालो. एक बादली चोख पाणी मिळायला दुसऱ्या नळीनं तीन बादल्या बाहेर जात होत्या.

"आपण पितो ते जारचं फिल्टर पाणी काय वाईट हाय?" मी विचारलं.

"काका, त्यात चवीपुरतं काहीबाही ठेवलेलं असतं," संघप्रिया म्हणाली. "मला काहीच नको. मीठ मी माझं घालणार, समुद्राचं, मोजून. आणि ते दुसरं पाणी फेकत नाही मी. धुणं, भांडी, फरशी सगळं त्यातच होतं. येऊन बघा कधीही."

मी जाऊन बघितलंही. पोरगी खरं बोलत होती. तिच्याकडं पेनाएवढा एक मीटर होता. नळाच्या पाण्यात बुडवला की आकडा चढत जायचा, यंत्राच्या पाण्यात बुडवला की शून्य. ते शून्य ती मला दर वेळी दाखवायची, आणि मी दर वेळी म्हणायचो की शून्यासाठी एवढा खटाटोप आमच्या बापजाद्यांनी केला नव्हता. हरिदास हसायचा. आठवडाभर पेटी बापानं सांभाळायची, रविवारी दोघांनी मिळून थोडं जुनं पाणी काढून थोडं नवं घालायचं, असा त्यांचा नेम होता. मीनाबाई त्यात नसायची. ती आत भाकरी करायची आणि "झालं का समुद्रमंथन?" म्हणून हाक द्यायची.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुण्याहून येताना टेंभुर्णी सोडल्यावर संघप्रियाची गाडी ट्रकवर आदळली. ती जागेवर गेली. फोन हरिदासला आला तेव्हा मीनाबाई उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती.

आईला एकदम सांगायचं नसतं, ही आपल्याकडची रीत. आधी लागलंय म्हणायचं, मग दवाखान्यात आहे म्हणायचं, तोवर पाहुणेरावळे गोळा होतात आणि जिचं तिला कळतं. हरिदास म्हणाला, "संघूला लागलंय. पुण्याला दवाखान्यात हाय. मी जाऊन येतो." मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्स गल्लीत शिरली तेव्हा मीनाबाई दारात उभी होती. तिच्या हातात डबा होता. कुणाची तरी गाडी बघून दवाखान्यात डबा न्यायच्या तयारीत होती ती.

ती रडली नाही. बायकांनी गळ्यात पडून बघितलं, हलवून बघितलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी गल्ली रडली, ही भिंतीला टेकून बसलेली. त्यानंतर तिचं बसणं कायमचं झालं. खाटेवर बसायची. दिलं तर खायची, सांगितलं तर अंघोळ करायची. आमची ही रोज जाऊन तिची वेणी घालून यायची. हरिदास पूर्वी तिला "संघूचे आई" म्हणून हाक मारायचा. ती हाक आता त्याच्या तोंडातून निघेना, आणि दुसरी कुठली त्याला येत नव्हती. काही सांगायचं असलं की तो नुसता तिच्याजवळ जाऊन उभा राहायचा.

तोही रडला नाही. पण त्याच्याकडं पेटी होती. रविवार आला की यंत्र सुरू करायचं, बादलीत शून्याचं पाणी भरायचं, मीठ घालून ढवळायचं, नळीनं जुनं काढायचं, नवं सोडायचं. लेकीनं शिकवलं तसं, एक हालचाल इकडची तिकडं नाही. तोंडावर माशी बसली तरी उठवायचा नाही, पण पेटीची काच लख्ख. मी सोबतीला जाऊन बसायचो. काय बोलणार? पाणी आलं का, गेलं का, एवढंच.

चैत्रात ऊन चढलं. पेटीचं पाणी आटायला लागलं. खारं पाणी आटलं तरी मीठ मागंच राहतं, म्हणून वरून रोज बिनमिठाचं चोख पाणी घालावं लागे. यंत्र दिवसभर थेंब थेंब चालू.

असाच एक दिवस, आणि हरिदास धावत माझ्याकडं आला. त्याला धावताना मी कधी बघितलं नव्हतं.

"नवनाथ, ती उठली," तो म्हणाला.

मी जाऊन बघतो तर मीनाबाई मोरीत बसलेली. माळ्यावरचा तांब्याचा हंडा तिनं खाली काढला होता. संघप्रियाच्या लग्नासाठी म्हणून घेऊन ठेवलेला तो हंडा, कागदातून कधी बाहेरही आला नव्हता. चिंच आणि मीठ लावून ती तो घासत होती. असा घासला की मोरीत उजेड पडला. मग तिनं यंत्राची नळी बादलीतून काढली आणि हंड्यात सोडली.

"इतकं चोख पाणी आन् पिलास्टिकच्या बादलीत?" ती म्हणाली. "तिच्या माशांना तांब्यातलं पाणी घालावं."

कितीतरी महिन्यांनी ते घर तिचा आवाज ऐकत होतं. हरिदास दाराच्या चौकटीला धरून उभा होता. संघप्रियानं त्याला कधीतरी सांगितलं होतं की बाबा, ही बादली सोडून दुसरं भांडं वापरायचं नाही. साबणाचं म्हणत असेल, असं त्याला वाटलं होतं. आणि तांब्यातलं पाणी म्हणजे आपल्याकडं अमृत, त्यात शंका कसली घ्यायची? मीही म्हणालो, "झकास." माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ती मी उन्हावर ढकलली.

त्या दिवसापासून मीनाबाई रोज हंडा घासायची, भरायची आणि तांब्या तांब्यानं पेटीत पाणी घालायची. एकदा आमच्या हिला म्हणाली, वेणी मी माझी घालीन.

आधी झिंगा मेला. वाळूत उताणा पडला होता. मग समुद्रफुलाच्या नळ्या आखडायला लागल्या. मासे त्यात शिरायला बघत आणि माघारी फिरत. आजारी पडलं की पाणी बदलायचं, हे हरिदासला शिकवलेलं होतं. म्हणून तो रविवारची वाट न बघता पाणी बदलायला लागला, आणि मीनाबाई हंडा भरभरून द्यायला लागली. जितकं चोख पाणी घालावं तितकं ते फूल सुकत गेलं. शेवटी दगडावरून सुटलं आणि पेटीच्या कोपऱ्यात चिंध्यांसारखं पडून राहिलं. हरिदासनं ते हातानं बाहेर काढलं. वास येत होता. त्यानं ते परसात पुरलं आणि हात धुतले.

मग त्यानं पुण्याला फोन लावला. संघप्रिया ज्याच्याकडून मासे घ्यायची त्या युवराजला. हरिदासला ऐकू कमी येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवून आम्ही दोघं ओसरीत बसलो. युवराजनं यंत्राचं विचारलं, मिठाचं विचारलं, मीटरचं विचारलं. शून्य, हरिदास म्हणाला.

"मग तांबं कुठून गेलंय का बघा, काका," युवराज म्हणाला. "वायर, नाणं, भांडं? मासे तगतात थोडे दिवस, पण झिंग्याला आणि फुलाला तांबं म्हणजे विष. आणि ते शून्य पाणी उपाशी असतं. त्यात काहीच नसतं ना, म्हणून ज्यात ठेवाल त्याचंच खातं."

आत मोरीतून हंडा घासल्याचा आवाज येत होता. हरिदासनं फोन बंद केला.

"आत्ता जा आन् सांग," मी म्हणालो. माझा स्वभाव असा की पाइप फुटला की आधी फावडं घ्यायचं, चर्चा नंतर.

"काय सांगू? तुझ्या हातानं मेलं म्हणून?" तो म्हणाला. "इतक्या दिवसांनी उठलीया ती. पुन्हा बसली तर उठायची न्हाय, नवनाथ."

"आन् ते मासे?"

त्यानं फोन खिशात घातला. एका बाजूला लेकीनं मागं ठेवलेले दोन जीव, दुसऱ्या बाजूला बायको. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आडून बोलून बघितलं. "हंडा जड होतोय तुला. बादलीच बरी." मीनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हंडा पालथा घातला आणि जाऊन खाटेवर बसली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी वेणी घातली नाही. तिसऱ्या दिवशी हरिदासनं स्वतः हंडा उचलून मोरीत ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. ती उठली, आणि चिंच भिजत घातली.

तेव्हा त्यानं ठरवलं. मासे युवराजकडं सोडायचे आणि मीनाबाईला सांगायचं की उन्हाळाभर त्यांना पुण्याच्या गारव्यात ठेवतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. मी म्हणालो, मुठीत काय आहे ते तरी बघ. पण त्याच्याबरोबर गेलो.

थर्माकोलच्या डब्यात पिशवी, पिशवीत दोन मासे. निघताना मीनाबाईनं एक बाटली आणून त्याच्या हातात दिली.

"हंड्यातलं हाय," ती म्हणाली. "वाटेत माशांना लागलं तर घाला."

हरिदासनं बाटलीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला.

एसटीत खिडकीशी बसून त्यानं डबा मांडीवर घेतला. मोहोळ गेलं. संघप्रिया गेल्यापासून तो ह्या रस्त्याला आला नव्हता. ती जागा कुठली हे मला माहीत होतं, त्याला तर माहीत असणारच. मी त्याच्याकडं बघितलं नाही. ती जागा आली आणि गेली, तशी त्यानं बाटली उघडली आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. सगळं, एका दमात.

"चवच न्हाय ह्याला," तो म्हणाला.

टेंभुर्णीला बस चहाला थांबली. तो उतरला नाही. पुण्यात युवराजनं मासे आपल्या टाकीत सोडले. तिथं दुसरं समुद्रफूल होतं. ते दोघं थोडा वेळ कडेकडेनं फिरले आणि मग त्यात शिरले. हरिदास रिकामा डबा धरून उभा होता. मला वाटलं आता तरी हा मोकळा होईल. तो म्हणाला, "चल, परतीची गाडी मिळायची न्हाय."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते बघून दुसरा कुणी असता तर वेडं म्हणाला असता. पेटीत आता नुसते दगड आणि पाणी. पंप चालू, दिवा चालू. रविवार आला की मीनाबाई हंडा घासून भरायची, हरिदास मीठ घालून ढवळायचा, जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. कशासाठी, कुणासाठी, काही नाही. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात टँकरमागं बायका कळशा घेऊन धावत होत्या आणि ही दोघं दगड धूत होती. मी एकदा तोंड उघडलं होतं. हरिदास म्हणाला, "ती चालतीया, बोलतीया. राहू दे की." मला त्या पेटीकडं बघवत नव्हतं, तरी रविवारी पाय तिकडंच वळायचे.

हवा निवळली. पंखा लावायची गरज राहिली नाही. त्या रविवारी मी नेहमीसारखा खुर्चीवर बसलो होतो. मोरीत यंत्र चालू होतं, दुसऱ्या नळीखाली धुण्याची बादली लावलेली होती. मीनाबाई तांब्यानं पेटीत पाणी सोडत होती, हरिदास नळी धरून होता.

"गारवा आलाय," ती म्हणाली. "आता मासे आणायचे का?"

हरिदासनं नळी पिळली. "बघू," म्हणाला.

"येणार न्हाईत, व्हय ना?"

त्यानं नळी पुन्हा पिळली.

"फूल माझ्या हंड्यानं गेलं," मीनाबाई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "फोन मोठा होता तुमचा. मी मोरीत भांडंच घासत हुते. सगळं ऐकलं."

हरिदासच्या हातातली नळी खाली पडली.

"मग भरत का ऱ्हायलीस?" त्यानं विचारलं.

"तुमी सांगाल म्हणून. हंडा जड हाय म्हणालात. म्हटलं, सांगत न्हाईत. बाटली दिली तुमच्या हातात. म्हटलं, आता तरी म्हणतील, हे इख हाय, नको. तुमी बरं म्हणालात." तिनं तांब्या हंड्यावर ठेवला. "मासे पुण्याला हाईत म्हणालात. ती बी पुण्याला हाय म्हणाला हुतात. दवाखान्यात. मी डबा केला. वांग्याची भाजी केली, तिला आवडती म्हणून. डबा घिऊन दारात उभी हुते मी, आन् सगळी गल्ली मला बघत हुती. सगळ्यांस्नी ठावं हुतं. तुमी मला अजून सांगितलंच न्हाई."

ती रीत मी जन्मभर पाळत आलो होतो. कितीतरी घरांत मीच पुढं होऊन म्हणालो असेन, बाईला आत्ता काही बोलू नका. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा त्या रीतीची लाज वाटली.

हरिदास तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तसाच, नेहमीसारखा. मला वाटलं हा आताही नुसता उभा राहणार.

"संघूचे आई," तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "संघू गेली गं. टेंभुर्णीलाच गेली. दवाखान्यात न्हेलीच न्हवती. मला फोन आला तवाच ती गेली हुती."

"व्हय," मीनाबाई म्हणाली.

आणि मग ती खाली बसली, हंड्याला मिठी मारून, आणि तिनं असा टाहो फोडला की पलीकडून आमची ही हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. हरिदास तिच्या शेजारी फरशीवर बसला. तोही रडत होता, तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखा. हिनं मला डोळ्यांनी बाहेर व्हा म्हणून खुणावलं, पण माझे पाय उचलेनात.

मोरीतली बादली भरली होती. तिच्यावरून पाणी वाहत होतं, फरशीवरून दाराकडं चाललं होतं. यंत्राचा खटका माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तो बंद केला नाही.